काका, सत्त्याहत्तर!

तुळशीबागेत दीडशेची ओढणी ऐंशीला मागताना आपली जीभ अजिबात अडखळत नाही. रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून आपण भर चौकात वाद घालतो. भाजी घेतल्यावर वर कढीपत्ता फुकट मागणं हा तर जन्मसिद्ध हक्क! आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार, म्हणजे घर, समोर आलं की हेच आपण एकदम सभ्य आणि सुसंस्कृत होऊन जातो. 'नव्वद का? बरं... काही कमी वगैरे होईल का हो?' एवढंच पुटपुटतो. समोरचा म्हणतो, 'टेबलवर बसल्यावर बघू.' आपण मान डोलावतो आणि घरी येऊन ईएमआय कॅल्क्युलेटर उघडतो.

असं का होत असेल? माझी थिअरी अशी की रक्कम इतकी मोठी असते, की ती पैसे वाटतच नाही. ऐंशी रुपयांची ओढणी आपल्याला कळते. नव्वद लाख कळत नाहीत. त्यामुळे त्यातला एखादा लाख इकडे की तिकडे, काय फरक पडतो, असं वाटायला लागतं.

फरक पडतो, बॉस. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर कर्जाच्या प्रत्येक लाखामागे महिन्याला साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. वीस वर्षांत त्या एका लाखाचे २ लाख ८ हजार होतात. म्हणजे समोरच्याच्या हॉलमध्ये तोंड उघडायला लाज वाटली म्हणून सोडून दिलेले पाच लाख हे प्रत्यक्षात दर महिन्याला ४,३४० रुपये असतात. वीस वर्षं. दर महिन्याला. हा हिशोब मी एका रविवारी केला आणि माझी लाज बऱ्यापैकी कमी झाली.

तर आमची गोष्ट. मी फ्रीलान्स पत्रकार, नवरोबा हिंजवडीत आयटीमध्ये. राहायला वारज्यात, भाड्याने. वर्ष झालं की घरमालकाचा भाडं वाढवणारा फोन ठरलेला. आठ महिने आम्ही शनिवार-रविवार फ्लॅट बघत होतो. वारजे, कर्वेनगर, सिंहगड रोड, बावधन. नवे फ्लॅट बघितले, सॅम्पल फ्लॅटमधले ते खास लहान बनवलेले बेड बघितले, क्लब हाउसचे थ्रीडी व्हिडिओ बघितले. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर पाच टक्के जीएसटी लागतो हे कळल्यावर मी रीसेलकडे वळले. तिथे जीएसटी नसतो. शिवाय शेजारी कोण आहेत, पाणी किती वाजता येतं, हे सगळं आधीच दिसतं.

घासाघिशीच्या बाबतीत आमच्या घरात श्रमविभागणी स्पष्ट आहे. नवरोबा म्हणजे भाजीवाल्याने वीस सांगितले तर सुट्टे नाहीत म्हणून तीस देऊन येणारा माणूस. त्यामुळे बोलायचं मी. आणि खरं सांगते, फ्रीलान्सरला याची प्रॅक्टिस असते, फक्त उलट्या बाजूने. 'या वेळी बजेट जरा टाइट आहे' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की कमी आकडा सांगताना माणसाचं तोंड कसं होतं ते मला पाठ झालंय. जो नजर चुकवून सांगतो त्याला वाढवायला लावता येतं. जो शांतपणे, कारण देऊन सांगतो, त्याच्यापुढे आपण गप्प होतो.

कर्वेनगरचा तो फ्लॅट एजंटने दाखवला. तिसरा मजला, लिफ्ट आहे, सत्त्याण्णव सालची बिल्डिंग, गॅलरीसमोर आंब्याचं झाड. काका बँकेतून रिटायर झालेले, काकू शाळेत शिकवायच्या. नवरोबा गॅलरीत गेला आणि तिथेच उभा राहिला. मी त्याला डोळ्यांनी खूण करत होते, की बाबा रे, चेहऱ्यावर एवढा आनंद दाखवू नकोस! आधीच नव्वद सांगितलेत. 'स्लाइटली निगोशिएबल,' असं एजंट जिन्यात म्हणाला होता. हा 'स्लाइटली' शब्द ज्याने शोधला तो थोर माणूस असणार. आपण काही बोलायच्या आधीच तो आपली मर्यादा ठरवून टाकतो.

एजंटने आमचं डोकं तीन गोष्टींनी भरलं. एक, एरिया आठशे नव्वद. दोन, पार्किंगचे तीन लाख वेगळे, पण ते 'बसवून घेऊ'. तीन, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, मग काय मॅडम, सोनंच!

यातल्या एकेकाचं सांगते, कारण रीसेल बघणाऱ्या प्रत्येकाला ही तीन वाक्यं ऐकावीच लागतात.

आठशे नव्वद हा सेलेबल एरिया. म्हणजे जिना, लिफ्ट, पॅसेज यांचा वाटा धरून. मी काकांकडे मूळ अॅग्रीमेंट मागितलं. त्यात कार्पेट एरिया होता ६१२ चौरस फूट. रेरा आल्यापासून, म्हणजे महाराष्ट्रात २०१७ पासून, नोंदणी असलेल्या प्रोजेक्टमध्ये बिल्डरला कार्पेटवरच बोलावं लागतं. पण जुन्या फ्लॅटच्या बाजारात सेलेबल अजून मजेत नांदतोय. दोन फ्लॅटची तुलना करायची तर कार्पेटवरच करायची, नाहीतर दर चौरस फुटाचा हिशोब म्हणजे नुसता गोंधळ.

पार्किंगचं म्हणाल, तर बिल्डरला स्टिल्ट किंवा ओपन पार्किंग वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. आमच्या केसमध्ये ते सोसायटीने काकांना नेमून दिलं होतं. मग सोसायटीची जागा काका आम्हाला कशी विकणार? मी सेक्रेटरींना जाऊन भेटले. मेंबरशिप ट्रान्सफर झाली की ती जागा आम्हालाच मिळेल, असं त्यांनी सांगितलं, आणि मी ते पत्रावर लिहून घेतलं. तीन लाख गेले. म्हणजे वाचले.

आणि रिडेव्हलपमेंट! कोथरूड-कर्वेनगरमध्ये हल्ली हा शब्द ऐकल्याशिवाय चहाही मिळत नाही. मी सेक्रेटरींना तिथेच विचारलं, कन्व्हेयन्स झालंय का? म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का? नव्हती. डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज 'करायचाय'. जनरल बॉडीत ठराव? विषय निघाला होता, भांडण झालं, मीटिंग संपली. बिल्डिंग कधीतरी जाईलही रिडेव्हलपमेंटला. पण जे अजून ठरलेलंच नाही त्याचे पैसे आज का द्यायचे?

यानंतर सगळ्यात कामाची गोष्ट. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्च नावाची सोय आहे. तिथे गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर टाकला की त्या जागेवर नोंदवलेल्या दस्तांचे इंडेक्स टू दिसतात. फ्लॅट कितीला विकला गेला, ते 'मोबदला' या रकान्यात असतं आणि सरकारी दराने किंमत किती, ते 'बाजारभाव' या रकान्यात. हे बघायला कुणाची ओळख लागत नाही. फक्त चिकाटी लागते, कारण साइट कधी कधी जाम छळते आणि गावाचं नाव जुनं टाकावं लागतं. कर्वेनगर म्हणजे मूळचं हिंगणे बुद्रुक, हे मला त्या रात्री साडेअकरा वाजता समजलं.

पोर्टलवर जाहिरातीत दिसतात त्या मागितलेल्या किमती. म्हणजे लोकांची स्वप्नं. इंडेक्स टूमध्ये दिसतात त्या कागदावर सही करून नोंदवलेल्या किमती. बाजूच्या विंगमधला, एवढ्याच एरियाचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट सव्वा वर्षापूर्वी ७६ लाखांना गेला होता. समोरच्या सोसायटीतला ८१ ला. पण तिथे कन्व्हेयन्स झालंय आणि लिफ्ट नवी आहे. आता कुणी म्हणेल की त्यात वरून कॅश दिली असेल. असेलही. पण मला काय दिसतंय, ते मी टेबलवर ठेवू शकते.

त्यात आमचा खर्च. ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरला फ्लॅट दाखवला. वायरिंग जुनं, बाथरूमची गळती, किचनचा ओटा बदलायचा. त्याने पाच लाखांचा अंदाज लेखी दिला.

मग आम्ही दोघांनी बसून दोन आकडे ठरवले. पहिला सांगायचा, ७७. दुसरा कुणालाही न सांगायचा, ८४. त्याच्या वर एक रुपयाही नाही, मग आंब्याला कितीही मोहोर आलेला असो. हा दुसरा आकडा मी चिठ्ठीवर लिहून नवरोबाच्या पाकिटात ठेवला. ऐन वेळी मनातला आकडा गुळासारखा पघळतो. कागदावरचा पघळत नाही. ८४ कुठून आला? बँकेकडून. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात बँका जास्तीत जास्त ऐंशी टक्के देतात. तेही अॅग्रीमेंटची किंमत आणि बँकेच्या व्हॅल्युअरने काढलेली किंमत यातली कमी असेल त्यावर. उरलेले वीस टक्के आपले, आणि स्टॅम्प ड्यूटी, नोंदणी, ब्रोकरेज, दुरुस्ती हे सगळं त्याच्या वर. आमच्या एफडी, नवरोबाचा पीएफ आणि माझ्या बाबांनी दिलेले चार लाख मिळून जे होत होतं, ते चौऱ्याऐंशीला संपत होतं.

आता खरा सीन.

रविवारी अकरा वाजता आम्ही काकांकडे गेलो. एजंटला मी मुद्दाम बाराची वेळ दिली होती. काकूंनी चहा आणि बेसनाचे लाडू आणले. लाडू घरचे होते आणि सही होते. आता मला सांगा, लाडू खाल्ल्यावर तेरा लाख कमी कसे मागायचे? आपल्याकडे पाहुणचार ही घासाघिशीवरची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात गुणकारी लस आहे. काकूंच्या मनात तसं काही नव्हतं, याची मला खात्री आहे. पण लस ती लसच.

मी ताटली खाली ठेवली. पिशवीतून कागद काढला. त्यावर दोन्ही इंडेक्स टूचे नंबर, कार्पेट एरिया आणि दुरुस्तीचा अंदाज. म्हटलं, 'काका, फ्लॅट आम्हाला खूप आवडलाय. आवडला नाही असं नाटक मी करणार नाही. पण मी जे बघितलं त्यावरून माझा आकडा सत्त्याहत्तर येतोय.'

'सत्त्याहत्तर?'

'हो काका.'

आणि मी गप्प बसले.

मास कॉमच्या दोन वर्षांत मला जे काही शिकवलं, त्यातलं बरंचसं विसरायला झालंय. पण एक गोष्ट पक्की बसलीय. मुलाखतीत प्रश्न विचारायचा आणि मग गप्प बसायचं. शांतता नकोशी झाली की समोरचा बोलतो. मात्र ही शांतता आपल्यालाही नकोशी होते, त्याचं काय? पंखा फिरत होता. नवरोबा माझ्या बाजूला अक्षरशः चुळबुळ करत होता. अजून दहा सेकंद गेली असती तर त्याने स्वतःच 'काका, ऐंशी चालेल का?' म्हणून टाकलं असतं. मी त्याच्या पायावर पाय ठेवला.

काकांनी कागद चष्म्यासमोर धरला. बँकेतला माणूस, कागद वाचणं त्यांना आवडत असणार. म्हणाले, 'आम्ही सत्त्याण्णव साली हा आठ लाखांना घेतला. तेव्हा कर्ज साडेचौदा टक्क्यांनी होतं.'

इथे एक मोह होतो. 'म्हणजे काका, तुम्हाला तर भरपूर सुटतायत!' हे वाक्य जिभेच्या टोकावर येतं. ते गिळायचं. त्यांनी कितीला घेतला, त्यांचा किती फायदा, हा आपला विषयच नाही. मीही माझ्या लेखाचे पैसे मागते तेव्हा मला तो लिहायला किती तास लागले, हे कुणी काढलं तर माझं डोकं सटकतं.

'अठ्ठ्याऐंशीच्या खाली मला परवडणार नाही,' काका म्हणाले.

बारा वाजता एजंट आला. टेबलवर बसायचं होतं ते बसून झालं होतं, त्यामुळे तो थोडा नाराज दिसला.

पुढचे तीन आठवडे टेन्शनमध्ये गेले. आम्ही ऐंशी सांगितले. तिकडून सत्त्याऐंशी आले. मग एक दिवस एजंटचा फोन. 'मॅडम, दुसरी पार्टी तयार आहे सत्त्याऐंशीला. उद्या टोकन देतायत.' ही दुसरी पार्टी प्रत्येक व्यवहारात असते. कुठे राहते, काय करते, कुणालाच माहीत नसतं. मी म्हटलं, 'मग त्यांना द्या. काकांना चांगला भाव मिळत असेल तर मी कशाला मध्ये येऊ?' फोन ठेवला आणि किचनमध्ये जाऊन रडले. खरंच रडले. कारण पार्टी खरी असू शकत होती. हरायची तयारी ठेवा, असं सगळे सांगतात. ती तयारी ठेवायची म्हणजे काय, तर चार दिवस नीट जेवण जात नाही.

पाचव्या दिवशी मी एजंटला न सांगता... नाही, खोटं कशाला, त्याला सांगून काकांना फोन केला. ओळख त्याच्याकडून झाली, त्याला डावलून व्यवहार करणं बरोबर नाही आणि त्याचं ब्रोकरेज आम्ही देणारच होतो. मी काकांना म्हटलं, 'किमतीबद्दल बोलायचं नाहीये. तुम्ही फ्लॅट का विकताय, ते मी विचारलंच नाही.'

काका जवळजवळ पंचवीस मिनिटं बोलले.

मुलगी नाशिकला. काकूंचे गुडघे गेलेत. तिथे मुलीच्या सोसायटीजवळ तळमजल्याचा फ्लॅट त्यांनी बघितलाय, ताबा तीन महिन्यांनी. बिल्डरला पंधरा दिवसांत सोळा लाख द्यायचेत, नाहीतर बुकिंग रद्द. आणि यांच्या फ्लॅटचा आधी एक ग्राहक ठरला होता. एक्क्याऐंशी हजारांचं टोकन देऊन दोन महिने थांबवून ठेवलं आणि मग लोन झालं नाही म्हणून निघून गेला. 'किंमत कमी-जास्त होईल हो,' काका म्हणाले, 'पण मला परत ते दोन महिने नकोत.'

तीन आठवडे आम्ही दोघं नव्वद आणि सत्त्याहत्तरच्या मध्ये दोरी ओढत होतो, आणि काकांना त्रास होता तो तारखेचा!

आमच्याकडे लोनचं सँक्शन लेटर होतं. आमच्या वाट्याचे वीस टक्के तयार होते. बहुतेक लोक टोकन म्हणून लाख-दोन लाख देतात आणि बाकी सगळं 'लोन झाल्यावर'. आम्ही उलट केलं. दहा दिवसांत अॅग्रीमेंट रजिस्टर करायचं आणि त्याच दिवशी आमचे सगळे, म्हणजे साडेसोळा लाख, द्यायचे. काका ते नाशिकला भरणार. बँकेचे ६६ लाख तीन महिन्यांनी, खरेदीखत आणि चावी एकाच दिवशी. तोपर्यंत काका-काकू इथेच राहणार. आम्हाला वारज्याचं भाडं तीन महिने जास्त पडणार, २२ हजारांप्रमाणे ६६ हजार. पण ईएमआयही तेवढा उशिरा सुरू होणार होता. आणि पैसे अडकले तर? म्हणूनच नुसती विसार पावती नको, रजिस्टर्ड अॅग्रीमेंट हवं, यावर मी अडून बसले. काका म्हणाले, 'मीही बँकेत हेच सांगायचो लोकांना.'

आकडा मग दहा मिनिटांत ठरला. साडेब्याऐंशी. काका म्हणाले चौऱ्याऐंशी, मी म्हटलं एक्क्याऐंशी, काकू आतून म्हणाल्या, 'मध्यावर या आणि जेवायला बसा.'

ऐनवेळी एजंटने अजून एक आयडिया काढली. सत्तरचं अॅग्रीमेंट, वरचे साडेबारा कॅश. 'स्टॅम्प ड्यूटी वाचेल, मॅडम.' कुठे वाचेल? स्टॅम्प ड्यूटी अॅग्रीमेंटची किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यातल्या जास्त आकड्यावर लागते. बँक कर्ज देणार ते सत्तरवर, मग साडेबारा लाख आम्ही कुठून आणणार? आणि जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१५ पासून बंदी आहे. घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. मी काही बोलायच्या आत काकाच म्हणाले, 'अहो, मी बँकेत पस्तीस वर्षं काढली. माझ्या घरात हा विषय नको.'

एक मात्र वाचलं, आणि तेही कायद्याने. पुण्यात स्टॅम्प ड्यूटी सगळे सेस धरून सात टक्के. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर २०२१ पासून एक टक्का सवलत. साडेब्याऐंशी लाखांचा एक टक्का म्हणजे ८२,५०० रुपये. जॉइंट नावावर ही सवलत मिळत नाही. नवरोबा म्हणाला, 'मग तुझ्या एकटीच्या नावावर घेऊ, मी लोनला को-अॅप्लिकंट होतो.' बँक आधी कुरकुरली, कारण पगार त्याचा मोठा. मग कबूल झाली. सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर त्या थोडा वेळ गप्प. मुलाखतीत होते तशीच शांतता! मी या वेळी ती भरून काढायला गेले नाही. शेवटी त्याच म्हणाल्या, 'बरं केलंत. माझ्या नावावर कधी कपाटही नव्हतं.'

ब्रोकरेजचंही सांगून टाकते. एजंटने दोन टक्के मागितले, आम्ही एक दिला. तिथे नवरोबा बोलला! आयुष्यात पहिल्यांदा. 'टेबलवर बसल्यावर बघू असं तुम्हीच म्हणाला होतात,' एवढंच म्हणाला आणि गप्प बसला. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात नोंदणीला अर्धा दिवस गेला. सर्व्हर डाउन, मग जेवणाची सुट्टी, मग फोटो, मग अंगठे. काकूंचा अंगठा मशीन घेईना. 'तीस वर्षं खडू धरला, रेषा गेल्या,' म्हणून त्या हसल्या. नोंदणी फीचे तीस हजार, स्टॅम्प ड्यूटीचे ४ लाख ९५ हजार. किमतीवर एक टक्का टीडीएस कापायचा असतो, पन्नास लाख किंवा त्याच्या वरच्या घराला, तो आमच्या हप्त्यातून कापून मी चलन काकांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

बाहेर टपरीवर चहा घेतला. काका म्हणाले, 'आता सही झालीय, विचारायला हरकत नाही. कुठपर्यंत जाणार होतात?'

मी नवरोबाकडे बघितलं. त्याने पाकिटातून चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. काकांनी चष्मा कपाळावर चढवून ती वाचली, घडी घालून परत दिली. 'म्हणजे दीड राहिला,' ते म्हणाले.

'आणि तुम्ही कितीपर्यंत खाली आला असतात, काका?'

'ते मी हिलाही सांगितलेलं नाही.'

काकू चहा फुंकत होत्या. 'मला माहितीये,' त्या म्हणाल्या, आणि आम्हाला मात्र सांगितलं नाही.